फिटरचा शब्द

बसखाली आडव्या पडलेल्या फिटरच्या बाहेर आलेल्या घोट्यावर मुकादमाने बुटाची टाच ठेवली आणि हळूहळू अंगाचं सगळं वजन तिच्यावर दिलं. अजून किती वेळ लागणार, एवढंच त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. फिटरनेही पाय ओढून घेतला नाही. हातातला नट पुरता सुटेपर्यंत तो तसाच पडून राहिला आणि मग आतूनच म्हणाला, इंजिन तापू द्या, थंड इंजिन खरं बोलत नाही.

मुकादमाने पाय काढला. त्याच्या मागे उभे असलेले दोघे हसले. एक बुटका होता, दुसऱ्याच्या कानाची पाळी तुटलेली होती. खाणीवर कुणाला बोलावून घ्यायचं असलं की मुकादम या दोघांना पाठवायचा, आणि बोलावलेला माणूस स्वतःच्या पायांनी येईलच असं नसायचं.

बस दगडाच्या खाणीची होती. सकाळी वस्तीतल्या मजुरांना घेऊन घाट चढायचा आणि संध्याकाळी त्यांना खाली आणायचं, हे तिचं काम. ती चालवायचा फिटरचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. गेल्या आठवड्यात घाटाच्या मधल्या वळणावर तेलाचा लाल दिवा पेटला, खालून कुणीतरी घण मारतंय असा आवाज यायला लागला आणि इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडल्याबरोबर ब्रेकचं पायडल दगडासारखं घट्ट झालं. बस मागे सरकत सुटली. मेहुण्याने तिचं मागचं अंग डोंगराला घासत नेलं म्हणून ती थांबली. दुसऱ्या बाजूला नुसती हवा होती. आतल्या एका बाईचा जबडा समोरच्या दांडीवर आपटून फुटला. थोड्या वेळाने इंजिन पुन्हा चालू झालं, तेव्हा मुकादमाने सगळ्यांना परत आत बसायला लावलं. जे बसेनात त्यांना पट्ट्याने फोडलं.

दुसऱ्या दिवशी मात्र पट्टा चालला नाही. वस्तीतलं कुणीच बसमध्ये चढलं नाही. फिटर सांगेल तर बसू, असं सगळे म्हणाले. मुकादमाचा शब्द नको, मालकाचाही नको. या फिटरने स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला न्यायला आलेल्या मोटारीचं बॉनेट उघडून, ही पोचणार नाही, असं सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मोटार पोचली नव्हती. बायको अजून म्हणायची, मी या घरात पायी आले, कारण यांचं खरं व्हायचं होतं.

तिकडे खाणीत सुरुंगाने पाडलेला दगड तसाच पडून होता, रिकामे ट्रक उभे होते, आणि मालकाने मुकादमाला चारचौघांत आईवरून शिवी दिली होती. म्हणून आज मुकादम स्वतः बस घेऊन गॅरेजात आला होता.

फिटरने आधी तेलाची पातळी पाहिली. पट्टीवर तेल बरोबर होतं. दोन बोटांत चोळून त्याने ते हुंगलं. डिझेल मिसळून पातळ झालेलं नव्हतं. दिवा उगीच पेटत असेल, अशीही एक शक्यता होती. म्हणून इंजिनावर बसवलेलं दिव्याचं बटण काढून त्या भोकात त्याने आपलं दाब मोजायचं घड्याळ बसवलं आणि मेहुण्याला इंजिन चालू करायला सांगितलं. काटा चांगला वर गेला. मुकादमाचा चेहरा उजळला. पण इंजिन तापत गेलं तसा काटा उतरत गेला, बसल्या जागी डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखा, आणि शेवटी शून्याजवळ थरथरत राहिला. मेहुण्याने रेस दिली. काटा जरासा उठला आणि पुन्हा पडला. खालून ठक ठक ऐकू यायला लागलं.

मग फिटरने इंजिनाच्या पोटाखालचा चेंबर खोलला. सगळं तेल त्या पातेल्यात साठतं आणि पंप ते एका जाळीतून वर ओढतो. जाळी स्वच्छ होती. पंपाचे दात शाबूत होते, दाबाचा व्हॉल्व्ह मोकळा होता. फिटरने एक बेअरिंग उतरवून उजेडात धरलं. त्याचा रुपेरी थर निघून गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. चेंबरच्या तळाशी बोट फिरवलं, तर बोटावर चमकी आली.

बाहेर येऊन त्याने हात पुसले आणि जे होतं ते सांगितलं. बेअरिंग संपली आहेत, तेल त्यांच्यात ठरत नाही, म्हणून दाब पडतो. इंजिन उतरवून शाफ्ट लेथवर घासून आणावा लागेल. तोवर ही घाट चढणार नाही. आणि अर्ध्यात बंद पडली, तर दर वेळी डोंगराच्याच बाजूला जाईल असं नाही.

मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. मग तो जवळ आला आणि फिटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की दुरुस्ती त्याला नकोच आहे. आत जाड तेल ओत, दिव्याची तार तोड आणि उद्या सकाळी वस्तीत येऊन उभा राहा.

"बस ठीक आहे. एवढंच म्हणायचं."

"ठीक नाहीये ती," फिटर म्हणाला.

मुकादमाने मागे पाहिलं. दोघांनी फिटरला दोन्ही बगलांत धरून कामाच्या टेबलाशी नेलं. टेबलाच्या कडेला लोखंडी शिकंजा बसवलेला होता, भाग पकडून कानस मारायचा. कानतुट्याने त्याची मान टेबलावर दाबली, बुटक्याने उजव्या हाताची बोटं शिकंज्यात घातली. मेहुणा धावत आला. कानतुट्याने मोकळ्या हाताने चाकाचा पाना उचलून त्याच्या पोटात मारला, आणि तो खोललेल्या चेंबरशेजारी गुडघ्यांवर कोसळून ओकायला लागला.

दांडी मुकादमाने स्वतः फिरवली. सावकाश, कुणा पाहुण्यासाठी चहात साखर ढवळावी तशी.

"बस कशी आहे?"

"बेअरिंग गेलंय."

दांडी आणखी फिरली. फिटरच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून रस्त्यावरून चाललेली दोन माणसं थबकली आणि भराभर पुढे निघून गेली. मुकादमाने पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. शिकंज्यातून काहीतरी मोडल्याचा बारीक, कोरडा आवाज आला. फिटर हट्टाने बोलत होता असं नाही. त्या क्षणी त्याला खरोखरच बस ठीक आहे म्हणायचं होतं; ओठ त्या शब्दांसाठी हललेही. पण तोंडाला वळणच नव्हतं. बाहेर पडलं ते बेअरिंग गेलंय एवढंच, आणि मग तेही नीट उमटेना.

मुकादमाने दांडी सोडून दिली. याचंही डोकं लेथवर घासून आणा, असं तो आपल्या माणसांना म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. त्याला एकदम कंटाळा आल्यासारखा दिसला. त्याने ठरवून टाकलं, की वस्तीत तो स्वतःच सांगेल, फिटरने पास केली म्हणून. या अवस्थेत कोण याला विचारायला येणार होतं? फक्त खोललेलं इंजिन परत जोडून द्या, आत्ताच्या आत्ता.

फिटरची बायको मागच्या दारातून आली होती. घर गॅरेजच्या पाठीलाच होतं. तिच्या हातांवर कणीक होती. ती ओरडली नाही. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा भावाकडे पाहिलं, मग पुढे होऊन शिकंज्याची दांडी उलटी फिरवली. बुटका मध्ये पडला नाही. बोटं बाहेर आली ती एकमेकांना चिकटून आली. तिने फडताळातून जुनी चादर काढून टरकावली आणि भिंतीशी बसवलेल्या नवऱ्याचा हात मनगटापासून शेंड्यांपर्यंत गुंडाळला.

चेंबर बसवायचा होता. फिटरला उभं राहवत नव्हतं. मेहुण्याने पोट धरत बसखाली सरकून बेअरिंग जागेवर चढवलं. पण चेंबर वर धरायला एक जण आणि बोल्ट लावायला दुसरा, अशी दोन माणसं लागायची.

"मी लावते," बायको म्हणाली.

मुकादमाला याची फार गंमत वाटली. नवरा बायकोला हेही शिकवतो का, असं काहीतरी तो बोलला आणि त्याचे दोघे पुन्हा हसले. ती पाने, फडकी आणि हातदिवा घेऊन पाठीवर बसखाली सरकली. बाहेर मेहुणा जॅकचा दांडा दाबत होता. ती म्हणेल तेव्हा वर, म्हणेल तेव्हा थांब. भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या फिटरला पान्याचा आवाज ऐकू येत होता. तो जसे आवळायचा तसेच ती बोल्ट आवळत होती, एक इकडचा, एक समोरचा. फार वेळ गेला. मुकादम खुर्चीतच पेंगला. ती बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती. मेहुण्याने जाड तेल ओतलं आणि कानतुट्याने दिव्याची तार स्वतः तोडली, दातांनी, काहीतरी पराक्रम केल्यासारखी.

सकाळी फिटरच्या अंगात ताप होता. बाहेर मेहुण्याने इंजिन चालू केल्याचा आवाज आला, पाठोपाठ मुकादमाची शिवी. मेहुण्याला रोज बस जागेवरच तापवायची सवय होती. आज त्याला तेवढीही सवड मिळाली नाही. बस निघाली. फिटर भिंत धरून उठला. वस्तीत जाऊन सांगतो, म्हणाला. बायकोने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे रेटलं. त्याने डाव्या हाताने तिला इतक्या जोरात ढकललं, की ती दाराच्या चौकटीवर आपटली, आणि तो रस्त्यावर आला. कोपऱ्यावरच्या नळापर्यंत पोचला, तिथे त्याचे पाय गेले. शेजारच्यांनी त्याला उचलून परत आणलं, तेव्हा बायको दारातच उभी होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं. बसचा आवाज कधीच ऐकू येईनासा झाला होता, तरी ती रस्त्याच्या त्या टोकाकडे कान देऊन होती.

वस्तीत मुकादमाने सांगितलं, फिटरने पास केली. काहींनी विश्वास ठेवला, काहींना ठेवावा लागला. बस भरली. मुकादम ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसला, पट्टा मांडीवर ठेवून. गाव सुटलं आणि घाटाकडे जाणारा सपाट रस्ता लागला, तसं खालून ठोकायला लागलं. दिवा पेटला नाही, कारण तार तुटलेली होती. मेहुण्याने वेग कमी केला. मुकादमाने पट्ट्याचं बक्कल त्याच्या कानावर मारलं आणि चल म्हणाला. मेहुण्याने पुन्हा पाय दाबला.

मग इंजिनातला एक दांडा तुटला आणि लोखंड फोडून बाहेर आला. मागे बसलेल्यांना वाटलं, सुरुंगच उडाला. झाकण उखडलं, आणि उकळतं काळं तेल मुकादमाच्या मांड्यांवर आणि पोटावर आलं. तो चालत्या बसच्या दारातून बाहेर पडला आणि रस्त्यावर गडाबडा लोळायला लागला. बस आपोआप मंदावत कडेच्या खडीत जाऊन थांबली. माणसं खिडक्यांतून, दारातून, एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडली. मुकादम ओरडत होता. बराच वेळ कुणीच त्याच्या जवळ गेलं नाही. सगळे गोल करून बघत उभे राहिले. शेवटी जबड्याला फडकं बांधलेली ती बाई पुढे झाली आणि तिने आपल्या प्यायच्या पाण्याचा डबा त्याच्या मांड्यांवर रिकामा केला. मग ती वस्तीकडे चालायला लागली आणि तिच्यामागून बाकीचेही निघाले.

मागच्या दारात लटकून आलेले बुटका आणि कानतुट्या मुकादमाला एका ट्रकात चढवून परत आले आणि त्यांनी मेहुण्याला पायांनी तुडवायला सुरुवात केली. त्याला मारून टाकायचं नाही, असा मालकाचा निरोप आला म्हणून ते थांबले.

दुपारी मालक गॅरेजात आला. ट्रकाने बस ओढत आणली होती. मालक थकलेला, मोठ्या पोटाचा माणूस होता. घाईत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. तो कुणावर ओरडला नाही. फिटरला अंथरुणातून उठवून आणलं होतं, मेहुण्याला दारापाशी उभं केलं होतं. मेहुण्याचा एक डोळा बंद झाला होता आणि खालचा ओठ दुभंगून लोंबत होता. मालक म्हणाला, काल इंजिन इथे उघडलं आणि आज फुटलं. माझा मुकादम जगतो का मरतो, ते डॉक्टरला अजून सांगता येत नाही. इंजिन आपल्या मरणाने मेलं असेल, तर माझं नशीब. पण त्यात कुणाचा हात असेल, तर तो हात इथून अंगासकट जाणार नाही. त्याने नजर फिरवली आणि भिंतीवरची लोखंड कापायची करवत कानतुट्याने काढून टेबलावर ठेवली.

"खोल," मालक फिटरला म्हणाला. "माझ्यासमोर."

फिटर डाव्या हाताने पाने चालवत बसखाली गेला. नजर ठेवायला बुटका बॅटरी घेऊन त्याच्या शेजारी आडवा झाला. इंजिनाच्या कुशीला डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं. बोल्ट एकेक करून सुटले. शेवटचे दोन राहिले, तेव्हा चेंबर एका अंगाला कलला, आणि त्या फटीतून फिटरला जाळी दिसली.

जाळी दिसली म्हणजे जिथे ती असायला हवी तिथे एक काळा गोळा दिसला. जाड फडकं, दुहेरी घडी करून तिच्यावर चढवलेलं, आणि त्याचीच चिंधी काढून मानेशी करकचून बांधलेलं. तेलाचा एक थेंब वर जाणार नाही असं. गळफास द्यावा तसं.

बुटक्याची बॅटरी अजून बोल्टवर होती. फिटरला दाराशी उभे असलेले मेहुण्याचे पाय दिसत होते, एका पायात चप्पल नसलेले. काल बेअरिंग चढवायला तोच आधी एकटा खाली आला होता. फिटरने उरलेले दोन बोल्ट एका दमात सोडले आणि चेंबर बुटक्याच्या बाजूला उलथवला. तळाशी राहिलेलं तेल त्याच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात गेलं. बुटका किंचाळला, आंधळ्यासारखा बॅटरी फिरवत सुटला. ती फिटरच्या भुवईवर बसली, मग दातांवर. त्याच अंधारात फिटरने मान उचलून जाळीला तोंड लावलं, गाठ दातांत धरली आणि कुत्र्यासारखी ओढली. एक दात मुळापासून हलला. फडकं सुटलं. त्याने ते डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताच्या गुंडाळ्यात कोंबलं, मोडलेल्या बोटांच्या फटींत, जितकं जाईल तितकं. डोळ्यांसमोर पांढरं झालं, पण तो ओरडला तरी कुणाला नवल वाटणार नव्हतं, म्हणून तो मोकळेपणाने ओरडला.

बुटक्याला पाय धरून बाहेर काढलं. थोड्या वेळाने फिटर बाहेर आला. तोंड काळंलाल झालं होतं. डाव्या तळव्यावर त्याने बेअरिंगचे तुकडे आणले होते, पापुद्र्यासारखे चपटे झालेले. ते त्याने मालकापुढे धरले.

"बोल," मालक म्हणाला.

"बेअरिंग गेलंय," फिटर म्हणाला. "दुसरं काही नाही."

"जाळी?"

"स्वच्छ आहे. बघा."

मालक वाकला नाही. तो फिटरच्या गुंडाळलेल्या हाताकडे बघत राहिला. गुंडाळ्यातून तेल आणि रक्त एकत्र ठिबकत होतं. मग त्याने कानतुट्याला विचारलं, काल हा काय म्हणाला होता? कानतुट्या म्हणाला, हेच. हात चेपला, तेव्हा? तेव्हाही हेच, कानतुट्या खाली बघत म्हणाला, शेवटपर्यंत हेच म्हणत होता.

मालकाने मान डोलावली. फिटरकडे बघण्यात आता संशय उरला नव्हता. उलट काहीसा आदरच होता, आणि तो फिटरला करवतीपेक्षा जड गेला. जाता जाता मालकाने कानतुट्याच्या थोबाडीत अशी मारली, की त्याचा चांगला कानही रक्ताळला. याने काल सांगितलं होतं आणि तुम्हा गाढवांनी बस रस्त्यावर आणली, एवढं म्हणून तो गाडीत बसला. दोघे त्याच्यामागून गेले, बुटका कानतुट्याच्या खांद्याला धरून.

गॅरेजात मेहुणा आणि फिटर उरले. मेहुणा दाराची चौकट धरून हळूच खाली बसत होता. फिटर त्याच्यासमोर गेला, आणि डाव्या हाताने, होतं तेवढं बळ लावून, त्याच फुटलेल्या तोंडावर मारलं. मेहुण्याचं डोकं चौकटीवर आपटलं.

"बसमध्ये माणसं होती," फिटर म्हणाला.

मेहुण्याने चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात पाणी आलं, पण मार चुकवायला त्याने हात वर केला नाही.

"माहीत आहे, दाजी," तो म्हणाला. "पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा ड्रायव्हर आणला असता. त्याला तर घाटच माहीत नसता."

याला अजून उलटं बोलायचं सुचतंय, असं फिटरला वाटलं.

संध्याकाळी हाड बसवणारा येऊन मेहुण्याची बरगडी बांधून गेला. फिटरच्या हाताचं तो उद्या बघणार होता, सूज उतरल्यावर. तोवर नुसता धुवून ठेवा, म्हणाला. मेहुणा आतल्या खोलीत झोपेत कण्हत होता. बायको कोमट पाण्याचं पातेलं घेऊन चुलीजवळ नवऱ्यासमोर बसली. तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि गुंडाळं सोडायला सुरुवात केली. रक्त वाळून चादर कातडीला चिकटली होती. ती पाणी लावत, थांबत, सोडवत होती. फिटर हात मागे घ्यायला लागला, आपण सोडतो म्हणाला. तिने मनगट सोडलं नाही.

शेवटच्या फेऱ्यातून फडकं बाहेर आलं. काळं, थबथबलेलं, एका टोकाला चिंधीची गाठ तशीच असलेलं. हे काय आहे, असं ती विचारेल आणि काय उत्तर द्यायचं, याची जुळवाजुळव फिटर करू लागला. तिच्या भावाचं नाव घ्यायचं नव्हतं.

तिने विचारलं नाही. तिने फडकं उलगडून दोन्ही हातांत धरलं आणि आपण घातलेली शिवण दुसऱ्याने उसवून आणल्यावर बाई जशी बघते, तसं ते उलटंसुलटं करून पाहिलं. गाठीवरून अंगठा फिरवला.

"जाळीवरून सरकलं तर नव्हतं?"

फिटर तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कपाळावरचं टेंगूळ आता निळं झालं होतं.

"नाही," तो म्हणाला.

तिने फडकं चुलीत सारलं. तेलाने ते भडकन पेटलं आणि खोलीत काळा वास सुटला. ज्वाळ बसेपर्यंत ती चुलीकडेच बघत होती.

"मला वाटलं, इंजिन दारातच जाम होईल," ती म्हणाली. "तो रोज तापवत बसतो ना."

आतून कण्हण्याचा आवाज आला. फिटरने तिकडे मान वळवली.

"त्याला मी मारलं. तोंडावर."

"ऐकलं मी."

तिने त्याची बोटं एकेक करून धुतली. काही वाकडी होती, एकाचं नख सुटून आलं. पाणी लाल झालं, मग काळं झालं, तिने ते फेकून दुसरं घेतलं. मग चादरीची नवी पट्टी फाडली, हाताभोवती फेरे दिले, आणि शेवटी एक टोक त्याच्या दातांत देऊन म्हणाली, घट्ट धरा. हललेला दात कळवळला, तरी त्याने ते धरलं. तिने दुसरं टोक ओढलं आणि गाठ मारली.